रायपूरच्या मराठी घरांतील सण आणि स्वयंपाक

महाराष्ट्राबाहेरील जुन्या मराठी वस्त्या म्हटल्या की बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर आणि तंजावर ही नावे आधी येतात. छत्तीसगडची राजधानी रायपूर हे त्याच पंक्तीतले शहर असूनही त्याचा उल्लेख क्वचित होतो. नागपूरपासून रेल्वेने सुमारे ३०० किलोमीटरवर असलेल्या या भागात मराठी कुटुंबे अठराव्या शतकापासून राहत आली आहेत. फौज, महसूल, कचेरी, शाळा, रेल्वे आणि पुढे पोलाद कारखाना अशा निमित्तांनी पुरुष इकडे आले. बदली झाली की काही परतही गेले. घर बसवले ते बायकांनी. देवघरात कोणते टाक राहतील, कोणत्या तिथीला काय शिजेल, शेजारच्या छत्तीसगढी घरातून आलेले ताट कशाने भरून परत जाईल, हे त्या ठरवत आल्या. म्हणूनच रायपूरच्या मराठी सणांचा इतिहास हा मुख्यतः आई, आजी आणि सासू यांच्या कष्टांचा इतिहास आहे.

भोसल्यांचा अंमल

मराठे येण्यापूर्वी छत्तीसगडावर हैहयवंशी कलचुरींचे राज्य होते. त्यांची थोरली गादी बिलासपूरजवळच्या रतनपूरला आणि धाकटी रायपूरला होती. नागपूरकर रघुजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांनी १७४१ मध्ये रतनपूर जिंकले आणि पुढच्या काही वर्षांत रायपूरची गादीही भोसल्यांच्या हाती गेली. १७५८ पासून रघुजींचे चिरंजीव बिंबाजी रतनपुरात राहून कारभार पाहू लागले. १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते तेथेच होते. रतनपूरच्या टेकडीवर त्यांनी राममंदिर बांधले. ती टेकडी आजही रामटेकरी म्हणून ओळखली जाते आणि नागपूरजवळच्या रामटेकाची आठवण देते.

बिंबाजींच्या काळात दरबारी कामकाजात मराठी भाषा आणि मोडी लिपी आली. विजयादशमीला सोने म्हणून पाने वाटण्याची चाल छत्तीसगडात त्यांच्याच काळात सुरू झाली, असे तेथील इतिहासग्रंथ सांगतात. आज रायपुरात ही पाने सोनपत्ती या नावाने विकली जातात. मराठी घरांबाहेरही ती देऊन थोरामोठ्यांच्या पाया पडतात.

बिंबाजींच्या राण्यांची नावे इतिहासात नोंदलेली आहेत. उमाबाई पतीमागे सती गेल्या. आनंदीबाई रतनपुरातच राहिल्या आणि नंतरच्या कारभारातही त्यांच्या शब्दाला वजन होते. राजघराण्यातल्या म्हणून या दोघींची नावे उरली. सुभेदार, कारकून आणि शिपाई यांच्या घरातल्या बायका दप्तरात कोठेही येत नाहीत. त्यांनी मागे ठेवले ते कुळधर्म आणि कुळाचार. ते सुनेकडून सुनेकडे गेले, कागदावर उतरले नाहीत.

बिंबाजींनंतर नागपूरहून सुभेदार नेमले जाऊ लागले. विठ्ठल दिनकर या सुभेदाराने १७९० मध्ये परगण्यांची व्यवस्था लावली. हिशेब ठेवण्यासाठी परगण्यापरगण्यात लिहिणारी माणसे लागू लागली. सीताबर्डीच्या लढाईनंतर कारभार इंग्रज अधीक्षकांकडे गेला आणि १८१८ मध्ये मेजर ॲग्न्यू यांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले. कचेरीमागोमाग कुटुंबेही आली. १८३० ते १८५४ या काळात पुन्हा भोसल्यांचा अंमल होता. तिसरे रघुजी निपुत्रिक वारल्यावर, १८५४ मध्ये, राज्य खालसा झाले. राज्य गेले तरी रायपुरातली घरे उठली नाहीत.

कचेरी, रेल्वे आणि शाळा

१८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि नागपूर त्याची राजधानी ठरली. रायपूरचे न्यायालय, महसूल आणि शिक्षण या साऱ्यांची दोरी नागपुरात होती, त्यामुळे वकील, मास्तर आणि कारकून यांचा ओघ चालू राहिला. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने हा प्रवास सोपा केला. एकेकाळी बैलगाडीने कित्येक दिवस लागत. तेच माहेर आता एका रात्रीच्या अंतरावर आले. विदर्भातून सुना येऊ लागल्या आणि त्यांच्यासोबत मेतकूट, लोणची, सांडगे आणि घराण्याच्या महालक्ष्म्यांचे, म्हणजे गौरींचे, मुखवटेही आले. तात्यापारा, बुढापारा आणि ब्राह्मणपारा या जुन्या वस्त्यांमध्ये मराठी घरांचे पुंजके तयार झाले.

या समाजाने आपले सार्वजनिक काम हिंदीतून केले. १९०० मध्ये पेंड्रा येथून निघालेले 'छत्तीसगढ मित्र' हे त्या प्रदेशातले पहिले हिंदी मासिक. त्याचे संपादक माधवराव सप्रे व रामराव चिंचोलकर आणि प्रकाशक वामनराव लाखे हे तिघेही मराठी घरांतले होते. सप्रे यांनी रामदासांचा 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रायपुरात जानकीदेवी कन्या पाठशाळा सुरू झाली, तिच्यामागेही सप्रे होते. वामनराव लाखे यांनी सहकारी चळवळ उभी केली; रायपूरचे लाखेनगर त्यांचे नाव चालवते.

नागपूरहून आलेल्या एका बाईचे नाव मात्र शहर वेगळ्या मायेने घेते. डॉ. राधाबाई बालविधवा होत्या. १९१८ मध्ये त्या रायपूरला आल्या आणि नगरपालिकेत सुईणीचे काम करू लागल्या. गरिबांच्या वस्तीत जाऊन त्यांनी असंख्य बाळंतपणे केली. डॉक्टर ही पदवी त्यांना लोकांनी दिली आणि हाक मारली ती 'माँ' म्हणून. स्वातंत्र्याच्या लढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला, अस्पृश्यतेविरुद्ध काम केले आणि बायकांना पैशासाठी नाचवणारी किसबिन नाचाची प्रथा मोडून काढण्यासाठी गावोगाव फिरल्या. २ जानेवारी १९५० रोजी त्यांचे निधन झाले. रायपूरमधील शासकीय कन्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. परक्या गावात येऊन तिथल्या लेकरांची आई होणे म्हणजे काय, हे त्यांच्या आयुष्याइतके स्पष्ट कशातूनही दिसत नाही.

१९३५ मध्ये महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली. तोवर हळदीकुंकू, महालक्ष्म्यांचे जेवण आणि गणपतीची आरती हे सारे घरांच्या आधाराने चालत होते. मंडळामुळे त्याला सामायिक जागा मिळाली. पुढे चौबे कॉलनीतील मंडळाची वास्तू शहरातील मराठी माणसांचे हक्काचे ठिकाण झाली.

एकच दिवस, दोन महिने

मराठी आणि छत्तीसगढी सण एकमेकांत मिसळले, त्याचे एक कारण पंचांगात आहे. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो. छत्तीसगडात, उत्तर भारताप्रमाणे, तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुक्ल पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते आणि कृष्ण पक्षात छत्तीसगढी पंचांग एक महिना पुढे असते. नाव बदलते, दिवस बदलत नाही. मराठी घरात जी आषाढातली दिव्यांची अमावास्या, तीच छत्तीसगडात सावन महिन्यातली हरेली. मराठी घरातला श्रावणी अमावास्येचा पोळा हाच तिथला भादो महिन्यातला पोरा.

हरेलीला शेतकरी नांगर, कुदळ, फावडे धुऊन पुजतात आणि गुळाच्या चिल्याचा नैवेद्य दाखवतात. दारावर कडुलिंबाच्या डहाळ्या खोचतात आणि मुले गेडी म्हणजे बांबूच्या उंच पायांवर चढून चिखलातून चालतात. त्याच दिवशी मराठी घरात समया, निरांजने आणि लामणदिवे घासूनपुसून पाटावर मांडतात आणि कणकेचे गोड दिवे उकडतात. एका घरात शेतीच्या अवजारांची पूजा आणि दुसऱ्यात घरातल्या दिव्यांची. वर्षभर राबणाऱ्या वस्तूंचे उपकार मानण्याची रीत दोन्हीकडे आहे.

पोळ्याला छत्तीसगडात मुलांना मातीचा किंवा लाकडाचा चाकांचा नंदिया बैल मिळतो आणि मुलींना मातीची जाता-पोरा, म्हणजे जाते, चूल आणि भांडी यांची भातुकली. विदर्भातल्या आईला त्यात काही नवे वाटण्याचे कारण नव्हते. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि मुले लाकडी बैल सजवून दारोदार नेतात.

अक्षय तृतीयेलाही दोन्ही रीती एकाच दिवशी येतात. छत्तीसगडात ती अक्ती. त्या दिवशी मुले मातीच्या पुतरा-पुतरीचे लग्न लावतात, मांडव घालतात आणि वऱ्हाडाला जेवू घालतात. मराठी घरात त्या दिवशी पितरांसाठी पाण्याची घागर भरतात आणि महिनाभर बसवलेल्या चैत्रगौरीचा निरोप घेतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची कैरीची डाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे रायपूरच्या रणरणत्या उन्हात मनापासून घेतले जातात.

मुलांसाठीची व्रते

दोन्ही संस्कृतींतील आयांना जवळ आणणारे सर्वांत मोठे सूत्र म्हणजे मुलांच्या आयुष्यासाठी धरलेले व्रत. छत्तीसगडात कमरछठ हा आयांचा सण. तो मराठी पंचांगाप्रमाणे श्रावण वद्य षष्ठीला, गोकुळाष्टमीच्या दोन दिवस आधी येतो. त्या दिवशी नांगरलेल्या जमिनीत पिकलेले काही खायचे नाही असा नेम असतो. पाणथळ जागी आपोआप उगवलेला पसहर तांदूळ, सहा प्रकारच्या भाज्या आणि म्हशीचे दूध, दही, तूप एवढेच चालते. अंगणात सगरी म्हणजे दोन लहान खळगे खणतात, त्यांत पाणी भरतात, काठावर कास आणि पळसाच्या फांद्या रोवतात आणि भोवती बसून कथा ऐकतात. पूजा झाल्यावर आई कापडाची घडी ओल्या छुहीत, म्हणजे पांढऱ्या मातीत, बुडवते आणि मुलांच्या पाठीवर थोपटते. याला पोता मारणे म्हणतात. मुलाच्या सदऱ्यावर उमटलेला तो पांढरा ठसा दिवसभर पुसला जात नाही.

मराठी घरात पुढच्याच आठवड्यात पिठोरी अमावास्या येते. आई चौसष्ट योगिनींची पूजा करते, खीरपुरीचे वाण डोक्यावर धरते आणि मागे न पाहता 'अतीत कोण?' असे विचारते. मागे उभे असलेले मूल 'मी' म्हणून ते वाण उचलते. जितकी मुले तितक्या वेळा हा प्रश्न विचारला जातो. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीचा कागद लावून पुरणाच्या दिव्यांनी मुलांना ओवाळतात, तेही याच भावनेने. भाद्रपदातल्या ऋषिपंचमीचा नेम तर कमरछठीच्या अगदी जवळ जातो. बैलांच्या कष्टाचे काही खायचे नाही म्हणून त्या दिवशी अळू, माठ, मका, भोपळा अशा परसातल्या भाज्यांची तेलाशिवायची ऋषीची भाजी होते. नांगराला विश्रांती देण्याचा आणि मुलाबाळांसाठी आपल्या जिभेला आवर घालण्याचा हा विचार दोन्ही प्रदेशांतल्या बायकांनी आपापल्या परीने जपला आहे.

तीजा, हरतालिका आणि महालक्ष्म्या

भाद्रपद शुद्ध तृतीया हा छत्तीसगडातल्या लेकींचा सर्वांत मोठा दिवस. तीजासाठी बाप किंवा भाऊ तिला आणायला सासरी जातो. लेक साठीची झाली तरी ही वाट पाहिली जाते. आदल्या रात्री करू भात, म्हणजे कारल्याची भाजी आणि भात, जेवून दुसऱ्या दिवशी निर्जळी उपास धरतात. उपास सुटल्यावर माहेरचा लुगरा नेसतात आणि भाऊबंदांच्या घरोघरी ठेठरी, खुरमी खायला जातात. त्याच तृतीयेला मराठी घरात वाळूची पिंड करून सखी-पार्वतीसह हरतालिका पुजतात आणि दुसऱ्या दिवशी गणपती बसतो. मराठी बाईला त्या दिवशी माहेरी जाता येत नाही, कारण उद्याच्या मोदकांची आणि मखराची तयारी तिच्याच अंगावर असते. पूजा एकाच शिवपार्वतीची, पण एकीची वाट माहेराकडे जाते आणि दुसरीचे माहेर सणासोबत घरी येते. गौरी ही माहेरवाशीण म्हणूनच येते.

विदर्भात या गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. मधल्या दिवशी पुरणपोळी, कटाची आमटी, कढी, आंबील, वडे, भजी आणि सोळा भाज्या असा स्वयंपाक सोवळ्याने होतो. रायपूरच्या बाजारात हा सोळाचा आकडा सहज पुरा होतो, कारण पावसाळ्यात छत्तीसगडाइतक्या पालेभाज्या फार थोड्या ठिकाणी मिळतात. अमारी म्हणजे अंबाडी, मुनगा म्हणजे शेवगा, लाल भाजी म्हणजे माठ. यांखेरीज चेच आणि खेडा. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याच्या ताटात अशा रीतीने मूळ गावच्या पाककृती आणि या मातीतल्या भाज्या एकत्र येतात.

भाद्रपद-आश्विनात विदर्भातल्या मुली भुलाबाई बसवतात. मातीच्या भुलाबा-भुलाबाईंपुढे फेर धरून गाणी होतात आणि डब्यातली खिरापत ओळखायची असते. शेवट कोजागरीला होतो. तिकडे दिवाळीआधी छत्तीसगडातल्या बायका टोपलीत मातीचा सुवा म्हणजे पोपट ठेवतात, त्याभोवती टाळ्यांच्या ठेक्यावर फिरतात आणि सासर-माहेरची सुखदुःखे गातात. दिवाळीच्या रात्री गौरा-गौरीची, म्हणजे शिवपार्वतीची, मातीची मूर्ती घडवून गोंड समाज त्यांचे लग्न लावतो. शिवपार्वतीला नवराबायको म्हणून घरात आणणे आणि त्यांच्या निमित्ताने आपले मन मोकळे करणे ही बायकांची रीत नागपूर ते रायपूर अखंड चालत आलेली दिसते.

तांदळाच्या देशातला स्वयंपाक

छत्तीसगडला धानाचा कटोरा म्हणतात. ज्वारी, गहू आणि डाळ यांवर वाढलेल्या वऱ्हाडी सुनेला येथे तांदळाशी नव्याने ओळख करून घ्यावी लागली. भाकरीच्या जोडीला तांदळाच्या पिठाचे चिले आले. ते तिच्या धिरड्यांपेक्षा फार वेगळे नव्हते. शिजलेल्या भाताचे आणि पिठाचे वाफवलेले फरे, तांदळाच्या पुऱ्या म्हणजे चौसेला, निखाऱ्यावरची अंगाकर रोटी आणि उन्हाळ्यात रात्रभर पाण्यात ठेवलेल्या भाताची बासी हे शेजारणींकडून शिकायचे पदार्थ होते. लाखोळीची डाळ पूर्व विदर्भातल्या सुनेला ओळखीची होती. येथे तिला तिवरा म्हणतात आणि तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी हिवाळ्यात आवडीने खातात. वडाभात, गोळाभात आणि मसालेभात यांना मात्र येथल्या तांदळाने नवी चव दिली. धमतरी जिल्ह्यातल्या सुवासिक नगरी दुबराज तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेही महिलांच्या बचतगटाच्या प्रयत्नांतून.

दिवाळीचा अनारसा आणि छत्तीसगढी अइरसा यांचे नाते जवळचे आहे. मराठी घरात तांदूळ तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, सावलीत सुकवून ओलसर असतानाच कुटतात आणि गुळात कालवून पीठ काही दिवस मुरवत ठेवतात. मग खसखशीवर थापून, न उलटता, मंद आचेवर तुपात तळतात. अनारसा हसला, म्हणजे तुपात विरघळला, की सारी मेहनत वाया जाते. छत्तीसगढी आई तांदळाचे पीठ गुळाच्या पाकात घालून गोळा करते आणि लगेच तळते. करंजीला कुसलीची सोबत आहे, तर शंकरपाळ्याला खुरमीची. फाल्गुन-चैत्रात गच्चीवर एकीकडे तीन दिवस भिजवलेल्या गव्हाच्या चिकाच्या कुरडया आणि कोहळ्याचे सांडगे वाळतात, दुसरीकडे शेजारणीच्या उडदाच्या डाळीच्या आणि रखिया म्हणजे कोहळ्याच्या बड्या, बिजौरी आणि लाईबरी. राखण करायला घरातली मुले असतात. दोन्ही घरांचे वाळवण ती सारख्याच प्रेमाने चाखतात.

१९५६ नंतर

मध्य प्रांत आणि वऱ्हाडात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, रायपूर मध्य प्रदेशात राहिले आणि राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. रायपूरच्या मराठी कुटुंबांचे माहेर आणि सासर दोन राज्यांत विभागले गेले. शाळा आणि कचेरीतून मराठीचा वावर आटला. मुलांना मराठी येईल ती आता फक्त घरात, आणि घरात ती शिकवणारी आईच. आरत्या, मनाचे श्लोक, रामरक्षा आणि कहाण्या ही त्या घरांतली पाठ्यपुस्तके झाली. त्याच सुमारास रायपूरजवळ भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली. त्यामुळे मराठी कुटुंबांची नवी लाट आली. या लाटेतल्या आयांच्या शेजारी छत्तीसगढी, बंगाली, तेलुगू, मल्याळी, पंजाबी अशी सारीच घरे होती.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर राजधानी बनले. २०१९ मध्ये राज्य सरकारने हरेली आणि तीजा यांना सार्वजनिक सुटी दिली. शेतावर आणि चुलीपाशी वाढलेल्या सणांना त्यामुळे राजमान्यता मिळाली.

आज महाराष्ट्र मंडळाची वस्तीवस्तीतली महिला केंद्रे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू करतात, चैत्रगौर मांडतात आणि रामरक्षेचे सामुदायिक पठण करतात. मंडळ संत ज्ञानेश्वर विद्यालय, नोकरदार महिलांचे वसतिगृह आणि दिव्यांग मुलींचे विकासगृह चालवते. घरापुरते असलेले संगोपन अशा रीतीने संस्थेचे काम झाले आहे. घरांचे स्वरूपही बदलले आहे. मराठी मुलाची बायको छत्तीसगढी किंवा बंगाली असते, मराठी मुलगी छत्तीसगढी घरात जाते. अशा घरात महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या आणि तीजाचा करू भात एकाच आठवड्यात शिजतात. दोन्ही सणांच्या तिथी पूर्वीपासून शेजारी असल्यामुळे सुनेला त्यांतला एक सोडावा लागत नाही. एका भाषेची आई दुसऱ्या भाषेच्या सुनेला आपले सण शिकवते आणि तिचे शिकून घेते. भोसल्यांच्या काळापासून रायपुरात चालत आलेली रीत हीच आहे.